आमच्या घरात इंग्रजी नाही

ज्या उन्हाळ्यात जसिंटाला परत पाठवलं आणि मी गप्प बसले, त्या उन्हाळ्यात ती चौदा वर्षांची होती. माझी नूलाही चौदाचीच. दोघींच्या वाढदिवसांत अकरा दिवसांचं अंतर होतं, हे मला फार नंतर कळलं.

आमचं गाव आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमाराच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. माझा नवरा बार्टली शेवंडं धरायला जायचा आणि मी घर बघायचे. जून लागला की गावात आयरिश शिकवणारी उन्हाळी शाळा भरायची. डब्लिनची, कॉर्कची पोरं तीन-तीन आठवड्यांसाठी यायची आणि आमच्याच घरांत राहायची. कुणाकडे सहा, कुणाकडे दहा. माझ्याकडे आठ मुली असायच्या. नियम एकच. बसमधून उतरल्यापासून परत बसमध्ये चढेपर्यंत तोंडातून इंग्रजीचा शब्द काढायचा नाही. जेवताना नाही, भांडताना नाही, न्हाणीघराच्या रांगेत नाही. पहिल्यांदा सापडलं तर ताकीद, दुसऱ्यांदा सापडलं तर दुसऱ्या दिवशीची बस.

फेलिम मास्तर त्या शाळेचे प्रमुख. पोरांना सोडायला आलेल्या आईबापांना ते दरवर्षी सांगायचे, "वर्गात आम्ही व्याकरण शिकवतो. भाषा पोरं शिकतात ती डेलियाच्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना."

डेलिया म्हणजे मी. हे वाक्य मास्तर माझ्यासमोर म्हणाले की मी ओट्याकडे तोंड करून उगाच काहीतरी पुसायचे, पण मला ते ऐकायला फार आवडायचं. माझ्या सासूची आयरिश ऐकायला विद्यापीठातले लोक आवाज टिपायचं यंत्र घेऊन यायचे. ती गेल्यावर ते माझ्याकडे यायला लागले. गावात कुणी विचारलं की अस्सल जुनी भाषा कुठे ऐकायला मिळेल, तर लोक आमच्या दाराकडे बोट दाखवायचे.

आता खरं सांगते. सप्टेंबरपासून मेपर्यंत आमच्या घरात इंग्रजी चालायची. एका दिवसात झालं नाही ते. नूला लहान असताना मी तिच्याशी आयरिशमध्येच बोलायचे. मग टीव्ही आला, शाळेच्या बसमधल्या मैत्रिणी आल्या. मी आयरिशमध्ये विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पहिली दोन वर्षं मी तिला टोकलं. मग कंटाळले. दिवसभराच्या कामाने पाय दुखत असताना पोरीला एकच गोष्ट दोनदा कोण सांगणार? ती ज्या भाषेत पटकन ऐकायची त्या भाषेत मी बोलू लागले. बार्टली तर मुळात कमी बोलणारा, त्याला दोन्ही सारख्याच. टीव्हीवर आयरिशचं चॅनल यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती.

जून लागायच्या आदल्या आठवड्यात मी नूलाला बजावायचे, "मुली यायच्या आहेत. आता सवय कर."

ती म्हणायची, "नाटक सुरू का?"

"नाटक कसलं? ही आपली भाषा आहे."

"हो. तीन आठवड्यांपुरती."

मी तिला पोरकट समजून सोडून द्यायचे.

जसिंटा डब्लिनच्या मध्यवस्तीतल्या सरकारी गाळ्यांत राहणारी. तिच्या शाळेने शिष्यवृत्ती देऊन तिला पाठवलं होतं; वर्षाला एकीलाच मिळायची ती. बारीक, लांब मानेची, नखं कुरतडलेली. बाकीच्या सात जणी एकमेकींच्या ओळखीच्या, चांगल्या शाळांतल्या, आधी एकदा येऊन गेलेल्या. हिला आयरिश जवळजवळ येतच नव्हती. पहिल्या रात्रीच्या जेवणाला हिला बार्टलीला सांगायचं होतं की माझ्याकडे बटाटा आहे, नको आणखी. पण वाक्य जुळवताना गडबडली आणि म्हणाली, "मी बटाटा आहे."

बार्टलीने ताटातून मान वर न करता म्हटलं, "मग मीठ लावून घे."

सगळ्या हसल्या. तिला कळायला जरा वेळ लागला, मग तीही हसली. तेव्हाच ती मला आवडली.

तिसऱ्या दिवशी तिने भट्टीतला तवा कापड न घेता धरला आणि बोटं भाजली. भाजल्यावर माणूस ज्या भाषेत ओरडतं त्याच भाषेत ती ओरडली. नेमकी तेव्हा देखरेखीला नेमलेली फिडेल्मा दारात उभी होती. फिडेल्मा एकोणीस वर्षांची, हातात वही, नियमाची पक्की. तिने वहीत नाव लिहिलं. पहिली ताकीद. मी म्हटलं, "अगं, भाजलंय तिला." ती म्हणाली, "नियम मी केला नाही, डेलिया."

त्यानंतर जसिंटा घाबरून दोन दिवस तोंडच उघडेना. वर्गात नाही, समुद्रावर नाही, संध्याकाळच्या नाचात तर भिंतीला टेकून उभी. मग मीच तिला स्वयंपाकघरात ओढलं. मी काही शिक्षिका नाही. मी फक्त तिच्या हातात वस्तू द्यायचे आणि नाव सांगायचे. पीठ. कोरडं पीठ. ओलं पीठ. हाताला चिकटलेलं पीठ. पीठ मळ, पीठ थाप, पिठावर सुरीने फुली मार. नाही कळलं तर करून दाखवायचे, पण इंग्रजीचा आधार दिला नाही. ती चुकली तर चुकलीस म्हणायचे नाही, तेच वाक्य नीट करून परत तिच्याकडे सोडायचे. दोन-तीन दिवसांत ती मला विचारू लागली, "सोडा किती?" "हे कुणाचं?" "पाऊस येणार का, कपडे आत आणू?" एके सकाळी ती खाली आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही आज दमलेल्या दिसता."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ते स्वतः जुळवलं होतं. मी तिच्याकडे पाहतच राहिले. माझ्या घरात एका पोरीने मला माझ्या भाषेत, आपणहून, असं काही म्हणून किती वर्षं झाली होती, ते मी मोजायला गेले नाही.

ते नूलाने पाहिलं. ती जिन्यात उभी होती.

पुढच्या दिवसांत मी जसिंटाला मुद्दाम जवळ बसवायचे. तिच्यासाठी भाकरीचा कडक तुकडा बाजूला ठेवायचे. नूला ताट उचलून निघून जायची, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

दहाव्या दिवशी दुपारच्या जेवणाला नूला काहीतरी सांगत होती, नळाखालची मोरी तुंबली म्हणून, आणि मध्येच इंग्रजी शब्द घालून गेली. आपण सगळेच घालतो, गावात घालतातच. पण समोर आठ मुली बसल्या होत्या आणि मला शिक्षिका व्हायची हौस आली. मी म्हटलं, "नूला, जसिंटा इथे दहा दिवस आहे आणि तिला तो शब्द येतो. तू या घरात जन्मलीस."

मुली हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या. एकटी जसिंटा हसली नाही. नूलाने काटा ताटात ठेवला, खुर्ची आत सारली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

जेवणानंतर मुलींना पोहायला नेलं. जसिंटाचं पोट दुखत होतं, दर महिन्याचं, म्हणून ती मागे राहिली. मी भांडी घासत होते. खिडकी उघडी होती. खिडकीच्या पलीकडे, दहा पावलांवर, जळणाच्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा ठेवायची आमची शेड. तिच्या मागून मला रडणं ऐकू आलं, आणि मग जसिंटाचा आवाज.

"रडू नको," ती आयरिशमध्ये म्हणत होती. "रडू नको. नको... रडू."

तिच्याकडे तेवढंच होतं. माझ्या स्वयंपाकघरात तिने पीठ, सोडा, पाऊस, कपडे शिकले होते. रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मी शिकवलं नव्हतं.

नूला इंग्रजीत म्हणाली, "तिला मुलगी म्हणून तूच हवी होतीस."

मग जसिंटा इंग्रजीत म्हणाली, हळू आवाजात, "असं नसतं गं."

"असंच आहे. हिवाळ्यात ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, माहितीये? जेवायला ये, दिवा बंद कर, अभ्यास झाला का, सगळं इंग्रजीत. तुम्ही आलात की तिला आयरिश आठवते. आणि मग मला येत नाही म्हणून सगळ्यांसमोर माझी लाज काढते. मी कुणाकडून शिकणार होते?"

"माझी आईपण अशीच आहे," जसिंटा म्हणाली. "लोक असले की वेगळीच होते. मग मी तिच्याकडे बघतच नाही. लोक गेले की परत बरी असते."

नूला रडता रडता जरा हसली.

माझे हात पाण्यात होते. मी खिडकी लावू शकले असते, खाकरू शकले असते. बाहेर जाऊन पोरीला जवळ घेऊ शकले असते. मी उभी राहून सगळं ऐकलं. आणि हेही सांगते, मला त्या क्षणी नूलाची दया आली नाही. राग आला. घरातली गोष्ट तिने बाहेरच्या पोरीला सांगितली याचा.

तेवढ्यात फिडेल्मा आली. जसिंटाला बरं आहे का बघायला समुद्रावरून चालत आली होती बिचारी. वाटेवरच्या खड्यांचा आवाज झाला तसं नूलाने ओळखलं, आणि ती शेडच्या आत सरकली. जसिंटाला या घराच्या वाटा कुठे ठाऊक? ती बोलतच होती. फिडेल्मा कोपऱ्यावरून वळली तेव्हा तिथे एकटी जसिंटा, आणि तोंडात इंग्रजीचं अर्धं वाक्य.

"कुणाशी बोलत होतीस?" फिडेल्माने विचारलं.

"कुणाशी नाही," जसिंटा आयरिशमध्ये म्हणाली. "माझ्याशी."

चार वाजता फेलिम मास्तर आले. स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले, टोपी गुडघ्यावर. जसिंटा समोर उभी. फिडेल्मा दारात. मास्तर काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनाही हे काम आवडत नसावं, सारखे टोपीची कड फिरवत होते.

"स्वतःशी बोलत होतीस म्हणे," ते म्हणाले. "स्वतःशी तरी आयरिशमध्ये बोलायचं होतंस, पोरी."

तिने भाजलेली बोटं मुठीत झाकली.

"कुणी होतं का तुझ्याबरोबर? असेल तर सांग. गोष्ट वेगळी होते. समोरच्याने इंग्रजी काढली आणि तू उत्तर दिलंस, तर मी त्याचा वेगळा विचार करीन."

तिने मान हलवली. नाही.

मग मास्तर माझ्याकडे वळले. "डेलिया, घरातलं कुणी होतं का बाहेर?"

जसिंटाने माझ्याकडे पाहिलं. विनवण्या करत नव्हती ती. आता या सांगतील, अशा खात्रीने बघत होती. जशी पीठ मळताना हात थांबवून बघायची, पुढचा शब्द मी देणारच म्हणून.

मी म्हटलं, "नाही, मास्तर. नूला दुकानात गेली होती. आमच्या घरात इंग्रजी नाही, तुम्हाला माहीत आहे."

एवढं अस्खलित वाक्य होतं ते. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मास्तरांनी उसासा टाकला. "मग दुसरी वेळ झाली. माझा नाइलाज आहे."

जसिंटाने नजर खाली घेतली. तिच्या मनगटावर सुकलेल्या पिठाची पापडी होती, ती तिने नखाने खरवडून काढली. जिन्यावरची पायरी वाजली. नूला वर होती. शेडमधून पुढच्या दाराने ती कधी आत आली, किती ऐकलं, मला कळलं नाही. सगळंच ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॉलवे शहराची बस, तिथून पुढे डब्लिन. मी जसिंटाला सोडायला रस्त्यापर्यंत गेले. प्रवासात खायला म्हणून भाकरी, लोणी, उकडलेली दोन अंडी बांधून दिली. तिने पिशवी घेतली. आमच्यात आभार मानायचे तर तुझं भलं होवो असं म्हणतात. सगळेच म्हणतात, दुकानदाराला म्हणतात, बसवाल्याला म्हणतात. ती तेच म्हणाली, उच्चारासकट बरोबर, आणि बसमध्ये चढली. मला वाटलं खिडकीतून हात करील. तिने केला नाही, आणि करायचं काही कारणही नव्हतं.

राहिलेले अकरा दिवस नूला माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलली नाही. मुलींशी मात्र बोलायची, एक इंग्रजी शब्द न घालता, इतकी स्वच्छ आयरिश की मुलींनी मला सांगितलं, तुमची नूला किती छान बोलते. मी हो म्हटलं.

मुली गेल्या त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा बोलली. "मला वाचवायला खोटं बोललीस असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "दोन दिवस वाटत होतं. मग लक्षात आलं. मला काय होणार होतं? मला कोण कुठे परत पाठवणार होतं?"

बार्टली कोपऱ्यात जाळ्याची गाठ बांधत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मास्तरला जाऊन सांग, डेलिया."

"सांगून आता काय होणार? पोरगी गेली."

"मग बसून राहा," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी गेले. मास्तर सभागृहात खुर्च्या एकावर एक रचत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. ते खुर्च्या रचतच राहिले.

"मला अंदाज होता," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नूला दुकानात नव्हती. दुकानासमोरूनच मी चालत आलो. डेलिया, गावात किती घरांत हिवाळ्यात आयरिश चालते, हे मला ठाऊक नाही असं वाटतं तुम्हाला? पण दर खेपेला एक-दोन पोरं परत गेली की बाकीची शंभर जिभेला लगाम घालतात. आणि जिभेला लगाम घातला की तीन आठवड्यांत शिकतात. डोळ्यांनी पाहिलंय मी. हे थांबवलं तर शाळा संपली. आणि ही शाळा संपली तर या गावात उन्हाळ्यातसुद्धा आयरिश राहणार नाही."

"त्या पोरीच्या शाळेला पत्र लिहा."

"काय लिहू? आमचं सगळ्यात चांगलं घरच असं आहे म्हणून?"

मी घरी आले. मनाशी म्हटलं, मी सांगितलं, आता पुढचं त्यांच्यावर. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मी नूलाशी आयरिशमध्ये बोलायचा प्रयत्न केला. ती ऐकून घ्यायची आणि काम करायची. उत्तर द्यायची नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने माझ्यासमोर एक पत्र ठेवलं. तिने जसिंटाला लिहिलं होतं, मला न विचारता, आणि जसिंटाचं उत्तर आलं होतं. इंग्रजीत, सहा-सात ओळी. तुझा राग नाही. तू माझ्यावर ढकललं नाहीस, मीच सांगितलं नाही. शाळेत आयरिशच्या बाईंनी वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, हिच्यामुळे पुढच्या वर्षी कुणाला पाठवायचं की नाही याचा विचार करावा लागेल. आई अजून नीट बोलत नाही. तुमच्या कुत्रीला पिल्लं झाली का? माझ्याविषयी एक अक्षर नव्हतं.

त्या रविवारी मी नूलाला घेऊन डब्लिनला गेले.

तिसऱ्या मजल्यावर लांब गॅलरी, गॅलरीत कपडे वाळत. दार जसिंटाच्या आईने उघडलं. कन्सेप्टा तिचं नाव, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. हात माझ्यासारखेच, सोडा आणि गरम पाण्याने लाल झालेले. मी कोण ते सांगितलं तशी तिने आधी मला, मग नूलाला नीट बघितलं आणि आत घेतलं.

मी इंग्रजीत सांगत होते. माझी इंग्रजी दुकानापुरती आणि पोरीला हाकारण्यापुरती. असलं काही मी त्या भाषेत कधी बोललेच नव्हते. आमच्या भाषेत लाज अंगावर येते, ऊन यावं किंवा ताप यावा तशी. माणूस वेगळा आणि ती वेगळी, कधीतरी उतरेल अशी आशा असते. इंग्रजीत ते वाक्य तसं होत नाही, तिथे मी शरमलेली आहे असंच म्हणावं लागतं. मी ते म्हटलं आणि मला वाटलं, आता हे माझ्यापासून वेगळं काढताच येणार नाही.

कन्सेप्टाने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मी तिला महिनाभर टोचून बोलले. अख्ख्या जिन्याला सांगून बसले होते, माझी पोरगी शिष्यवृत्तीवर गेली म्हणून. अकरा दिवसांत परत. मी विचारलं कुणाशी बोलत होतीस, तर म्हणे स्वतःशी. मी तिला वेडी म्हटलं."

तिने उठून किटली गॅसवर ठेवली.

"एवढ्या लांबून आलात ते मन हलकं करायला आलात ना? झालं का हलकं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग चहा घ्या."

जसिंटा आतल्या खोलीतून आली. उंची वाढली होती. नूलाला बघून ती लाजली, मग हसली. माझ्याशी हात मिळवला. "कशा आहात तुम्ही?" इंग्रजीत, शेजारच्या बाईला विचारावं तसं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे."

"ठीक नाही, जसिंटा."

"खिडकी उघडी होती," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत हे मला माहीत होतं. भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं तुम्ही सांगाल. मास्तरांसमोर वाटलं, सकाळी वाटलं, बसस्टॉपवर पण वाटलं. बस सुटल्यावर मग नाही वाटलं."

एवढं बोलून तिने नूलाला विचारलं, "माझी खोली बघायचीय?" दोघी आत गेल्या. दार लागलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून दोघींचं हसणं आलं, इंग्रजीतलं, खळाळून. त्या उन्हाळ्यापासून नूला अशी हसली नव्हती. मी आणि कन्सेप्टा टेबलाच्या दोन बाजूंना बसून ते ऐकत होतो.

कन्सेप्टा म्हणाली, "मला सांगून उपयोग नाही. तिला वर्गासमोर उभं केलं. तुम्ही तिथे जाऊन उभ्या राहा."

रात्र आम्ही एका खाणावळीत काढली. सोमवारी सकाळी मी त्या शाळेत गेले. कॉन्व्हेंटची शाळा ती; मुख्य सिस्टर वयस्कर होत्या, आणि आयरिशच्या बाईंना त्यांनी बोलावून घेतलं. मी दोघींसमोर उभी राहून सांगितलं. कुठे होते, काय ऐकलं, काय विचारलं, काय खोटं सांगितलं. आयरिशच्या बाईंनी मध्येच माझ्याशी आयरिशमध्ये बोलायला सुरुवात केली, मला सोपं जावं म्हणून. मी म्हटलं, नको, सिस्टरना कळू दे. त्यांनी खुर्ची पुढे केली, मी बसले नाही.

सिस्टरनी उन्हाळी शाळेला पत्र लिहिलं. जसिंटाच्या वर्गात खरं काय घडलं ते त्यांनी सांगितलं, असं नूलाला पत्रातून कळलं. पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती पुन्हा जसिंटालाच देऊ केली. तिने नको म्हटलं.

डिसेंबरात फेलिम मास्तर घरी आले, उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "मला सांगितलंत तेवढं पुरे होतं," ते म्हणाले. "आता यादीतून तुमचं घर काढावं लागेल. आणि सगळ्या घरांची तपासणी होणार आहे."

"बरं," मी म्हटलं.

तपासणीत आणखी दोन घरं गेली. शेजारच्या मोनिकाकडे दहा मुलगे असायचे, तिचं घर त्यातलं एक. ती दुकानात सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुझी अब्रू तू धुवायला काढलीस, ठीक आहे. आमची कशाला दोरीवर घातलीस?" तिचं म्हणणं चूक नव्हतं. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. विद्यापीठाच्या लोकांना मी स्वतःच कळवलं की येऊ नका.

नूलाशी मी हिवाळ्यात आयरिशमध्ये बोलत राहिले. ती कधी त्यात उत्तर देते, कधी इंग्रजीत, आणि मी टोकत नाही. आता ती गॉलवेला असते, तिशी ओलांडली. फोनवर आमचं निम्मं-निम्मं चालतं. रागावली की इंग्रजीत, आजारी असली की आयरिशमध्ये. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही, पण एकदा तिने मला विचारलं, "खिडकीत तू नक्की किती ऐकलंस?" मी म्हटलं, "सगळं." त्यावर तिने हवेचं विचारलं.

जसिंटाची आणि तिची पत्रं बरीच वर्षं चालली. जसिंटा परिचारिका झाली, मग ऑस्ट्रेलियाला गेली, तिकडे लग्न केलं. नाताळाला कार्ड येतं ते नूलाच्या नावाने येतं. एका कार्डावर शेवटी लिहिलं होतं, तुझ्या बाबांना नमस्कार सांग. मी ते बार्टलीला वाचून दाखवलं. त्याला बरं वाटलं.

मला तिने कधी लिहिलं नाही. मी दोनदा लिहायला बसले होते, आयरिशमध्ये. तिला आता ते वाचता येणार नाही असं वाटून दोन्ही वेळा कागद बाजूला ठेवला. इंग्रजीत लिहायला काही हरकत नव्हती. तेही मी केलं नाही.